सांता पोलातले घर: आतिको घ्यावा की तिसरा मजला?

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर घर घ्यायचे ठरवणारा माणूस आधी गावांची तुलना करतो, मग समुद्रापासूनच्या अंतराची, आणि मजल्याचा विचार त्याच्या मनात फार उशिरा येतो. निदान माझ्या ओळखीच्या मराठी मंडळींच्या बाबतीत तरी हाच क्रम दिसला. माझ्या मते तो उलटा असायला हवा. शेजारशेजारच्या दोन गावांत जेवढा फरक असतो, त्याहून अधिक फरक एकाच गल्लीतला तिसरा मजला आणि सर्वांत वरचे, गच्चीसह विकले जाणारे घर यांच्यात असतो. या वरच्या घराला तिथे आतिको म्हणतात आणि जाहिरातीत तो नेहमी सर्वांत आधी छापलेला असतो. आम्ही जर्मनीत नोकरी करणारे कुटुंब. या दोहोंपैकी एकाची निवड आम्हाला करावी लागली आणि त्याआधी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहूनही झाले होते, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार अनुभवाने मांडता येतील असे वाटते.

गाव अलिकांते प्रांतातले सांता पोला. मासेमारीचे जिवंत बंदर, गावाच्या मधोमध सोळाव्या शतकातला चौकोनी किल्ला, एका बाजूला फ्लेमिंगो उतरतात ती मिठागरे, समोर ताबार्का बेट, आणि अलिकांतेचा विमानतळ गाडीने वीस मिनिटांच्या आत. गावाला रेल्वे नाही, याचा काहींना त्रास होतो, आम्हाला झाला नाही. बंदरामागच्या सरळ, अरुंद रस्त्यांवर १९६० आणि १९७० च्या दशकांत पर्यटनाच्या लाटेवर उभ्या राहिलेल्या पाच-सहा मजली इमारतींची गर्दी आहे. आमच्यासमोरचे दोन्ही पर्याय त्याच काळातले, दोन-दोन झोपण्याच्या खोल्यांचे आणि एकमेकांपासून चार मिनिटांच्या अंतरावर होते. एक म्हणजे आम्ही भाड्याने राहत होतो तो तिसरा मजला, जो घरमालकाने आम्हालाच विकत देऊ केला. दुसरा म्हणजे मागच्या रस्त्यावरचा आतिको, ज्याची गच्ची आतल्या बैठकीच्या खोलीपेक्षा मोठी होती.

पैशाचे लवकर उरकतो. आतिकोसाठी जास्त पैसे मोजावे लागतात हे उघड आहे, आणि आमच्या बाबतीत त्या फरकात एक साधी चारचाकी आली असती. हा फरक एकदाच मोजून संपत नाही, कारण हस्तांतरण कर किमतीवर बसतो. आम्ही घेतले तेव्हा वालेन्सिया प्रदेशात, ज्यात अलिकांते येते, जुन्या घरावर तो १० टक्के होता, तर दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रदेशात २०२१ पासून ७ टक्के आहे. शिवाय इमारतीचा मासिक खर्च प्रत्येक घराच्या ठरलेल्या टक्केवारीनुसार वाटला जातो आणि गच्ची हिशेबात धरलेली असेल तर आतिकोची टक्केवारी वरचढ निघते. अनिवासी मालकाला घर भाड्याने दिले नाही तरी सरकारी मूल्याच्या ठरावीक हिश्श्यावर वार्षिक कर भरावा लागतो. त्याचा दर युरोपीय संघात राहणाऱ्यांना १९ टक्के आणि भारतातून घेणाऱ्यांना २४ टक्के असा आहे. भारतातून पैसे पाठवणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर्सची मर्यादा आहेच. पाच लाख युरोंची मालमत्ता घेऊन राहण्याचा परवाना मिळण्याची २०१३ पासूनची सोय ३ एप्रिल २०२५ रोजी बंद झाली, त्यामुळे आता निर्णय निव्वळ घराचा आहे, आणि एका अर्थी ते बरेच झाले.

आता गच्ची आणि तिच्यावरून दिसणारा देखावा. येथे आतिकोचे पारडे जड असणार असे कोणीही गृहीत धरील, पण मला इतके सरळ वाटले नाही. आतिको बहुधा इमारतीच्या दर्शनी भिंतीपासून आत सरकवून बांधलेला असतो आणि पुढची गच्ची म्हणजे खालच्या घराचे छप्पर असते. तिला छातीपर्यंत येणारा विटांचा कठडा असतो. परिणामी उभे राहिल्यावर बंदर, जहाजांच्या डोलकाठ्या आणि स्वच्छ दिवशी ताबार्काची सपाट रेघ दिसते. खुर्चीत बसले की आकाश आणि समोरच्या इमारतीचे अँटेना. दलालाने काढलेले फोटो अर्थातच उभ्याने काढलेले असतात. कठडा पाडून काच बसवावी असे प्रत्येक नव्या मालकाला वाटते, पण तो इमारतीच्या दर्शनी रूपाचा भाग असल्याने त्यासाठी सर्व मालकांच्या सभेची मंजुरी लागते. छत्रीवजा ताणायच्या कापडाचा रंगसुद्धा सभा ठरवते. आमच्या इमारतीत तो बाटलीसारखा हिरवा आहे आणि मला तो मुळीच आवडत नाही.

तिसऱ्या मजल्याच्या अरुंद सज्जातून दिसणारा रस्ता मात्र मनोरंजक होता, हे मान्य केले पाहिजे. सकाळी पावाच्या दुकानासमोरची रांग, दुपारच्या झोपेनंतर हळूहळू उघडणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या खिडक्या, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लोरेतोच्या मेरीमातेच्या उत्सवात निघणाऱ्या मूर (म्हणजे मध्ययुगीन मुस्लिम) आणि ख्रिस्ती सैन्यांच्या वेशातल्या मिरवणुका हे सगळे तिसऱ्या मजल्यावरून हाकेच्या अंतरावर असते. आतिकोवर त्याचा केवळ आवाज येतो.

उन्हाचा मुद्दा मला देखाव्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि तो दोन्ही ऋतूंत वेगवेगळ्या बाजूने बोलतो. अलिकांतेच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम अठ्ठावीस अंश वर असतो. रस्ता दहा मीटर रुंद आणि समोरची इमारत सोळा-सतरा मीटर उंच असेल तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या घरातही जमिनीपासून साधारण अकरा मीटरच्या वरच ऊन पडते. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला ते कसेबसे शिवते आणि त्याखालच्या घरांना दिवाळी ते होळी ऊन म्हणजे काय हे कळत नाही. या किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींत उष्णतेची मध्यवर्ती सोय नसते. म्युनिकमधल्या घरात बाहेर बर्फ असताना आम्ही अर्ध्या बाह्यांनी वावरतो, आणि सांता पोलात जानेवारीत, बाहेर पंधरा अंश असताना, तिसऱ्या मजल्यावर स्वेटर घालून जेवत होतो. कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरली, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी. आतिकोत हिवाळी दुपारी तापमान वाढवण्यासाठी काहीही करावे लागत नाही. जे लोक घर मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च वापरणार आहेत, आणि निवृत्त मंडळींपैकी अनेक जण तसेच वापरतात, त्यांनी या एकाच गोष्टीवर निर्णय घेतला तरी मी त्यांना वेडे म्हणणार नाही.

ऑगस्टमध्ये मात्र तिसरा मजला निर्विवाद जिंकतो. स्पेनमध्ये इमारतींच्या उष्णतारोधनाचा पहिला सक्तीचा नियम १९७९ सालचा, त्यामुळे त्याआधीच्या इमारतींच्या छतात काँक्रीट, थोडी हवा आणि फरशी यांपलीकडे काही नसण्याची शक्यता मोठी. दिवसभर तापलेले छत रात्री अकरानंतर खाली धग सोडू लागते आणि पहाटेपर्यंत सोडत राहते. आम्ही झोपण्याच्या खोल्यांत खनिज लोकरीचे थर घालून खोटे छत करून घेतले, गच्चीवर कापड ताणले, तरीही वातानुकूलन यंत्र तिसऱ्या मजल्यापेक्षा जास्त वेळ चालते. आकडे मी टिपून ठेवलेले नाहीत. पण तिसऱ्या मजल्यावर आम्ही ते झोपताना बंद करत असू आणि येथे करत नाही, एवढे सांगता येईल.

आणि पाणी. मुंबई-ठाण्यात वाढलेल्या माणसाच्या मनात वरचा मजला म्हणजे गळती हे समीकरण इतके पक्के असते, की डांबराचे पट्टे आणि गच्चीवरचा पत्र्याचा शेड डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. अलिकांतेत वर्षभरात सरासरी तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईच्या जुलैतल्या एखाद्या दांडग्या दिवसाइतका. अडचण अशी, की तोही कधी कधी एकाच दिवशी पडतो. ३० सप्टेंबर १९९७ रोजी अलिकांते शहरात एका दिवसात सुमारे २७० मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सांता पोलाच्या दक्षिणेकडचे सेगुरा नदीचे खोरे पाण्याखाली गेले. ही शरद ऋतूतली वादळे नेमकी त्या वेळी येतात, जेव्हा उन्हाळी मालक कुलूप लावून गेलेले असतात आणि गच्चीच्या जाळीवर वाळलेली पाने व कुरव पक्ष्यांची पिसे साचलेली असतात. पाण्याला जायला वाट नसली की ते फरशीखाली शिरते. त्यात मधूनच सहाराची धूळ येते. मार्च २०२२ मध्ये आकाश नारिंगी झाले आणि पावसाच्या थेंबांतून अक्षरशः चिखल पडला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी सज्जा ओल्या फडक्याने पुसून घेतला आणि गच्चीवाल्यांची दोन दिवस धुलाई चालली.

येथे कायद्याची एक बाजू समजून घेतलीच पाहिजे, कारण आपल्याकडच्या सोसायटीच्या अनुभवावरून अंदाज बांधला तर फसगत होते. स्पेनच्या दिवाणी संहितेच्या ३९६ व्या कलमात इमारतीचे छप्पर सामाईक भागांत मोडते, आणि मजलेवार मालकीचा १९६० चा कायदा त्यावर उभा आहे. आतिकोची गच्ची बहुतेक वेळा मालकीची नसते. ती सामाईक असते आणि फक्त वापराचा हक्क तुमचा असतो. त्याचा अर्थ असा, की फरशीखालचा पाणीरोधक थर निकामी झाला तर तो बदलण्याचा खर्च साधारणपणे सर्वांचा, आणि फरशीची निगा, जाळ्यांची सफाई तुमची. ऐकायला हे आतिकोवाल्याच्या फायद्याचे वाटते. प्रत्यक्षात छपराचा लाभ आपल्याला काय, असे पहिल्या मजल्यावरच्या काकांना वाटते, आणि सभा लांबते. आम्ही घर घेतल्यावर खालच्या घराच्या छतावर चहाच्या डागासारखे पिवळे वर्तुळ उमटले. थर कोणी बदलायचा यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो उखडलेल्या फरशीच्या जागी कोणती फरशी बसवायची यावर, आणि अखेर साधी तांबडी फरशी सोसायटीच्या पैशाने, त्याहून बरी हवी असल्यास वरचा फरक आमच्या खिशातून, असा ठराव झाला. काम झाल्यावर कंत्राटदाराने जाळ्या बंद करून गच्चीत चोवीस तास पाणी भरून ठेवले, खालच्या शेजारणीने दर दोन तासांनी छताकडे पाहिले, आणि प्रकरण मिटले. या सगळ्यात एक उन्हाळा गच्चीशिवाय गेला, हे खरे.

लिफ्टबद्दल थोडे, कारण ते पाहणीत सहज निसटते. या पिढीतल्या इमारतींत लिफ्ट अनेकदा आतिकोच्या एक मजला खालीच थांबते आणि शेवटचा जिना पायांनी चढावा लागतो. आमची तशीच आहे. पुण्याहून आई येते तेव्हा तो जिना तिच्या गुडघ्यांना जाणवतो, आणि ज्या घरांत अजून नारिंगी रंगाची गॅसची टाकी वापरतात तिथे ती पोहोचवणारा माणूसही शेवटच्या जिन्यावर काहीतरी पुटपुटतो. वर लिफ्टच्या यंत्राची खोली कोठे आहे हेही पाहावे. ती झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला लागून असेल तर रात्री दोन वाजता घरी परतणारा प्रत्येक शेजारी तुम्हाला कळेल. आमच्याकडे ती जिन्याच्या पलीकडे आहे.

आतापर्यंतचा हिशेब पाहिला तर तिसरा मजला स्वस्त, उन्हाळ्यात गार, पोहोचायला सोपा आणि पाण्याच्या चिंतेतून मोकळा ठरतो; आतिकोकडे हिवाळ्याचे ऊन आणि उभ्याने पाहायचा समुद्र. हा हिशेब आम्हीही मांडला होता आणि त्यानुसार तिसरा मजला घ्यायला हवा होता. तो घेतला नाही याचे कारण खुर्च्या.

किनाऱ्यावरच्या या इमारतींत गालिचे नसतात, लाकडी जमीन क्वचितच असते. काँक्रीटच्या पाटावर थोडा मसाला आणि त्यावर थेट चिनी मातीची कडक फरशी, इतकेच. वरून येणाऱ्या आदळआपटीच्या आवाजावर काटेकोर मर्यादा घालणारे नियम २००७ साली आले. त्याआधीच्या घरांत मजल्यांच्या मध्ये आवाज पिणारा थर असण्याचा संभव कमी. आमच्या डोक्यावरचे चौथ्या मजल्यावरचे घर ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत रिकामे असे, आणि त्या काळात आम्हाला ती इमारत इतकी शांत वाटे की आम्ही तिच्या प्रेमातच पडलो होतो. जूनअखेर माद्रिदहून आजी-आजोबा, दोन मुली, जावई आणि नातवंडे येत. अतिशय सभ्य माणसे. जिन्यात भेटली की थांबून विचारपूस करत, एकदा आम्हाला अंजीरही दिले. पण जेवण रात्री साडेदहाला सुरू होई आणि बाराच्या पुढे संपे, आणि जेवणाच्या टेबलाभोवती लोखंडी पायांच्या आठ खुर्च्या होत्या.

खुर्ची फरशीवर सरकली की होणारा आवाज वरच्या खोलीत मामुली असतो. तो करणाऱ्याला ऐकूही येत नाही. खालच्या खोलीत तो छतातून, भिंतीतून, पलंगाच्या लाकडातून येतो आणि नेमका तेव्हा येतो जेव्हा आधीच्या खुर्चीनंतर मन शांत झालेले असते. एक खुर्ची, मग दीड मिनिट काही नाही, मग दोन एकदम, मग कोणीतरी पाणी आणायला उठते आणि परत बसते. ताशे वाजत असते तर कानांनी सवय लावून घेतली असती. येथे पुढची खुर्ची कधी, याची वाट पाहण्यातच रात्र जाई. रस्त्यावरची मोटारसायकल, बारमधले हसणे, पहाटे बंदराकडे जाणारे ट्रक यांचा मला कधीच त्रास झाला नाही, हे मुद्दाम सांगतो, म्हणजे मी एकूणच आवाजाला हळवा आहे असा समज होऊ नये.

आम्ही उपाय केले. खुर्च्यांच्या पायांना चिकटवायच्या नमद्याच्या चकत्यांची पाकिटे, बिस्किटांच्या डब्यासोबत, वर नेऊन दिली. आजींना ती कल्पना फार आवडली, जावयाने त्याच संध्याकाळी सर्व खुर्च्यांना चकत्या लावल्या आणि एक आठवडा स्वर्गासारखा गेला. मग समुद्रावरून येणाऱ्या पायांची वाळू चकत्यांच्या डिंकात शिरली, त्या एकेक करून निघाल्या, आणि दुसऱ्यांदा पाकीट घेऊन जाणे आम्हाला प्रशस्त वाटेना. कायद्याने शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या कृत्यांविरुद्ध सोसायटीकडे दाद मागता येते, पण कुटुंबाने एकत्र बसून जेवणे हा उपद्रव ठरवायला कोण जाणार, आणि आम्ही तरी का जावे? ध्वनिरोधक खोटे छत करण्याचा विचार केला तर अडीच मीटर उंचीच्या खोलीतले दहा-बारा सेंटीमीटर जाणार होते, आणि गवंड्याने प्रामाणिकपणे सांगितले, की आवाज भिंतींतूनही उतरतो, त्यामुळे निम्मा कमी झाला तरी नशीब समजा.

ते आजी-आजोबा घर विकतील तर पुढे कोण येईल हाही प्रश्न होताच. दर शनिवारी बदलणारे पर्यटक आले तर त्यांना चकत्या कोण आणि किती वेळा देणार? एप्रिल २०२५ पासून घर पर्यटकांना देण्यासाठी इमारतीतल्या मालकांची तीनपंचमांश बहुमताने आगाऊ संमती लागते, ही सुधारणा चांगलीच आहे. पण आधीपासून रीतसर चालू असलेल्यांना ती लागू होत नाही, आणि वार्षिक भाडेकरूच्या खुर्च्यांवर तर कुठलाही कायदा नाही. गळतीला गवंडी आहे, उकाड्याला यंत्र आहे, जिन्याला वेळ आहे. डोक्यावरच्या शेजाऱ्याच्या बाबतीत मला असा कोणताच माणूस सापडला नाही, ज्याला पैसे देऊन काम संपवता येईल. आतिकोत आम्ही पहिल्या ऑगस्टमध्ये उकाड्याने जागे राहिलो, पण तो उकाडा आमचा स्वतःचा होता, आणि पुढच्या वर्षी छताचे काम केल्यावर तो बराच कमी झाला.

अर्थात हे माझ्या कानांचे मत झाले. माझी पत्नी त्याच खोलीत त्याच रात्री शांत झोपत असे आणि तिच्या दृष्टीने आम्ही चारचाकीएवढी रक्कम खुर्च्यांवर उधळली. ज्यांची झोप तिच्यासारखी आहे, ज्यांच्याकडे सत्तरीपुढची माणसे वारंवार येणार आहेत, किंवा ज्यांना वर्षातून फक्त दोन-तीन आठवडे जायचे आहे आणि बाकी काळ गच्चीच्या जाळ्यांची चिंता करायची नाही, त्यांनी तिसरा मजला अवश्य घ्यावा. शेवटच्या मजल्याच्या खालचा मजला घेणे हा मधला मार्ग काही जण सुचवतात. मला तो दोन्हीकडचे वाईट एकत्र करणारा वाटतो, कारण गच्चीचा थर निकामी झाला तर पिवळे वर्तुळ तुमच्याच छतावर उमटते आणि गच्चीवरच्या लोखंडी खुर्च्याही तुमच्याच डोक्यावर सरकतात.

आतिकोकडे मन वळत असेल तर काही गोष्टी वकिलाच्या भरवशावर न सोडता स्वतः पाहाव्यात. नोंदणी कार्यालयाचा उतारा मागवून गच्ची मालकीची आहे की केवळ वापराची, हे वाचावे, आणि उताऱ्यातले क्षेत्रफळ प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. दोन खोल्यांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक आतिकोंतली दुसरी खोली म्हणजे कोणीतरी परवानगीशिवाय काच लावून बंद केलेली गच्चीच असते. इमारतीच्या व्यवस्थापकाकडून गेल्या काही वर्षांच्या सभांची इतिवृत्ते मागावीत आणि त्यांत छप्पर, गळती, विशेष वर्गणी हे शब्द शोधावेत. थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावाच, कारण आधीच्या मालकाने सोसायटीचे पैसे थकवले असतील तर चालू वर्षाचे आणि त्यामागच्या तीन वर्षांचे घराबरोबर तुमच्याकडे येतात. इमारत पन्नास वर्षांपुढची असेल तर तिच्या तपासणीचा अहवाल झाला आहे का विचारावे. त्या काळात किनाऱ्यावर काही ठिकाणी वापरलेले अॅल्युमिनायुक्त सिमेंट ओल आणि उष्णता यांनी कमकुवत होते, आणि दोन्हींचा मारा सर्वांत जास्त वरच्या छतावर होतो. तुमच्या छपरावर आणखी काही आहे का, हेही पाहावे. काही इमारतींत आतिकोच्या डोक्यावर सर्वांची कपडे वाळत घालायची गच्ची असते, आणि मग आतिको घेण्याचे माझे कारणच उरत नाही.

खालच्या मजल्याची बेल वाजवून, थोडी भीड बाजूला ठेवून, त्यांचे छत पाहू द्याल का असे विचारावे. आम्हाला कोणी नाही म्हटले नाही, आणि त्या पाच मिनिटांत दलालाच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त कळते. तिसरा मजलाच घेणार असाल तर पाहणी फेब्रुवारीत करू नये. तेव्हा विमानाचे तिकीट स्वस्त असते आणि वरचे घर रिकामे. ऑगस्टच्या मध्याला, पंधरा तारखेच्या सुट्टीच्या आसपास, रात्री साडेअकराला तासभर त्या घरात बसू देण्याची विनंती विक्रेत्याला करावी. त्याने टाळाटाळ केली तर वरच्या मजल्याबद्दल त्याला काय ठाऊक आहे, याचा अंदाज बांधता येतो आणि किंमत त्या हिशेबाने बोलता येते.